मॉरिशस: गणपतीच्या दिवसांत आठ दिवस, तीन पिढ्या. कुठे राहावं, काय बघावं?

कृष्णाकाठ:
पुढच्या गणपतीत मॉरिशसला जायचा विचार पक्का होतोय. पाच जण आहोत: आम्ही दोघं, सातवीतला मुलगा, नणंद आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ६८, गुडघे दुखतात आणि खाणं पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सात रात्री, आठ दिवस.

टूर कंपन्यांकडून आलेले कार्यक्रम सगळे एकाच साच्यातले आहेत. उत्तरेला हॉटेल, एक दिवस 'नॉर्थ टूर', एक दिवस 'साउथ टूर', एक दिवस बेटावर बोट, उरलेले दिवस मोकळे. आम्हाला समुद्र हवाच आहे, पण तिथल्या मराठी लोकांचा गणपती बघणं हे जाण्याचं खरं कारण आहे. त्याबद्दल या कार्यक्रमांत एक ओळ नाही.

तर विचारायचं असं: चतुर्थीलाच तिथे असावं की आधी-नंतर? सप्टेंबरमध्ये बेटाची कुठली बाजू चांगली? एकच मुक्काम करावा की दोन? गुडघे दुखणाऱ्या माणसाला काय झेपेल आणि काय नाही? तिथले मराठी लोक मराठी बोलतात का, आणि त्यांच्या उत्सवात परक्या माणसाने जायची रीत काय? शक्य तितकं नेमकं सांगा.

दर्यावर्दी:
तारखेपासून सुरू करतो, कारण बरेच जण तिथेच चुकतात.

मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीची राष्ट्रीय सुट्टी असते, पण ती बहुधा आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी. २०२३ मध्ये इकडे चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, तिकडची सुट्टी २० ला. २०२४ मध्ये इकडे ७, तिकडे ८. २०२५ मध्ये इकडे २७ ऑगस्ट, तिकडे २८. कारण साधं आहे: तिथे दीड दिवसाचा गणपती जास्त, आणि विसर्जन दुसऱ्या दिवशी. म्हणजे कोकणातल्या घरोघरच्या रीतीसारखंच. काही ठिकाणी मूर्ती पाच, सात, अकरा दिवसही ठेवतात, पण गर्दी, मिरवणूक, गाणी हे सगळं त्या सुट्टीच्या दिवशी. तेव्हा विमान असं घ्या की चतुर्थीच्या निदान दोन दिवस आधी पोचाल. चतुर्थीच्या संध्याकाळी आरती आणि रात्रीची गाणी, दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन, असे दोन दिवस पूर्ण राखून ठेवा. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीची सरकारी सुट्ट्यांची यादी बघा, तीच प्रमाण.

आता वारा. सप्टेंबर म्हणजे तिथल्या हिवाळ्याचा शेवट. मेपासून ऑक्टोबरपर्यंत आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि ते थेट पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर आदळतात. पश्चिम किनारा मधल्या पठाराच्या आडोशाला येतो, त्यामुळे तिथे पाणी शांत आणि ऊन जास्त. फ्लिक-आँ-फ्लाक आणि तामारँ हा पट्टा तुमच्यासाठी योग्य. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: कास्कावेल, व्हाकोआ, रिव्हिएर न्वार ही मराठी वस्तीची जुनी ठिकाणं त्याच बाजूला आहेत. कास्कावेल तर फ्लिक-आँ-फ्लाकहून गाडीने दहा मिनिटांवर. उत्तरेच्या ग्राँ बेमध्ये राहिलात तर रोज तास-सव्वा तास रस्त्यातच जाईल, कारण मधे राजधानी पोर्ट लुई लागतं आणि सकाळी सात ते नऊ, दुपारी साडेतीन ते सहा तिथली वाहतूक तुंबते.

दोन मुक्काम करा. पहिल्या पाच रात्री पश्चिमेला, शेवटच्या दोन आग्नेयेला माएबूर किंवा ब्लू बे इथे. विमानतळ तिथेच आहे. परतीच्या दिवशी अख्खं बेट ओलांडायची धावपळ वाचते. त्या दोन दिवसांत सोमवार आला तर उत्तम, कारण माएबूरचा मोठा बाजार सोमवारी भरतो.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. पाच माणसांत ती स्वस्तही पडते आणि सासूबाईंचा प्रश्नही अर्धा सुटतो. गाडी डाव्या बाजूनेच चालवतात. मुलासाठी भिंतीतल्या प्लगची सोय करताना ब्रिटिश पद्धतीचा तीन चौकोनी पिनांचा जोड घ्या.

आणि एक. पूजेसाठी म्हणून इथून दुर्वा, जास्वंद, नारळ, आंब्याचे डहाळे, बिया असलं काहीही नेऊ नका. झाडं, फुलं, बी-बियाणं, ताजी फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत आणि विमानतळावर काढून घेतात. बेटावरच्या शेतीला बाहेरची कीड लागली तर ती रोखायला आजूबाजूला दुसरं काहीच नाही, म्हणून हा नियम कडक आहे आणि असायलाच हवा. दुर्वा, जास्वंद, नारळ तिथे भरपूर मिळतात.

चौघडा:
उत्सवात जायच्या रीतीबद्दल लिहितो.

तिथला गणपती हा पर्यटकांसाठी मांडलेला कार्यक्रम नाही. घरचा किंवा गावातल्या मंडळीचा असतो. 'मंडळी' हा त्यांचाच शब्द. गावोगावच्या मंडळींचा महासंघ आहे, मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन. महाराष्ट्र भवन त्यांचंच, तिथे २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. शिवाय मराठी स्पीकिंग युनियन ही वेगळी संस्था आहे. दोघांपैकी कुणालाही महिनाभर आधी लिहा: किती माणसं, कुठे उतरणार, कुठल्या दिवशी यायचं आहे. बहुतेक वेळा एखाद्या गावच्या मंडळीशी गाठ घालून देतात. न कळवता एखाद्या अंगणात कॅमेरा घेऊन शिरू नका. कळवून गेलात तर आरतीला पुढे उभं करतील, जेवल्याशिवाय सोडणार नाहीत.

मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये हेन्रिएटा गावात झाला असं सांगतात. व्हाकोआजवळचं हे गाव. उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांनी सुरू केलेली गोष्ट आज देशाची सुट्टी आहे.

बघायची खरी गोष्ट म्हणजे झाकरी. रत्नागिरीकडची जाखडी तुम्हाला माहीत असेलच, कुणी तिला बाल्या नाच म्हणतात: मधे ढोलकी-झांजवाले आणि गाणारे बसलेले, भोवती गोल धरून नाचणारे, पायात चाळ. झाकरी ही तीच. दीडशे वर्षांहून जास्त काळ समुद्रापलीकडे राहूनही गोल तसाच आहे. शब्द मात्र नीट कान देऊन ऐका. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची घरची भाषा आता क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, आहे; मराठी ते गाण्यातून आणि शाळेतून शिकलेत. त्यामुळे एखादा उच्चार आपल्या कानाला वेगळा लागतो. तो सुधारायला जाऊ नका. ती गाणी पाठांतराने टिकलीत, आणि काही ओळी आता आपल्याकडेही कुणी म्हणत नसेल.

सेगा हा तिथला दुसरा नाच, आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचा. हॉटेलात संध्याकाळी दाखवतात तो सेगा इलेक्ट्रिक वाद्यांवरचा असतो. मूळच्या 'सेगा तिपिक'मध्ये तीनच वाद्यं. रावान हे बकऱ्याचं कातडं ताणलेलं मोठं डफासारखं वाद्य. दमट हवेत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ते गवताच्या किंवा पाचोळ्याच्या जाळावर धरून तापवतात, बोटाने टिचकी मारत मारत, आवाज घट्ट येईपर्यंत. मारावान ही उसाच्या तुऱ्यांच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, दोन्ही हातांनी आडवी हलवायची. आणि लोखंडी त्रिकोण. नाचताना पाय जमिनीवरून उचलत नाहीत, घासत सरकवतात. २०१४ मध्ये युनेस्कोने सेगा तिपिकची वारसा म्हणून नोंद केली, २०१६ मध्ये भोजपुरी गीत-गवाईची. रविवारी सार्वजनिक किनाऱ्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन येतात, तिथे रावान कानावर पडण्याची शक्यता हॉटेलपेक्षा जास्त.

जांभ्याचा_चिरा:
सगळे शामारेलची सात रंगांची माती बघून फोटो काढून येतात. ती काय आहे हे कळलं तर मुलालाही मजा येईल.

सह्याद्री ज्या लाव्हाने बनला, तो जमिनीखालच्या ज्या तप्त ठिकाणातून वर आला त्याच ठिकाणाने पुढे मॉरिशस घडवलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड त्याच्यावरून सरकत होता, तेव्हा दख्खनचा काळा पाषाण ओतला गेला. भूखंड उत्तरेला गेला, ठिकाण मागेच राहिलं. लक्षद्वीप-मालदीवची रांग त्याच वाटेवरची. साधारण ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आलं, त्यानंतर शेजारचं रेयुनियों, आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणून मॉरिशसच्या डोंगरांचे उभे कडे बघताना आपल्याला नाणेघाट-हरिश्चंद्रगडाची आठवण होते. दगड एकाच घरचा आहे.

शामारेलची माती म्हणजे हाच बसाल्ट कुजून झालेली. पाऊस आणि उष्णतेने दगडातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली. लोहामुळे तांबडा-विटकरी, ॲल्युमिनियमकडे झुकणाऱ्या थरांत निळा-जांभळा. कोकणात असंच होऊन जांभा बनतो. तिथे मात्र तो चिऱ्यासारखा टणक झाला नाही, भुसभुशीत टेकड्या राहिल्या. कुंपणाच्या आत पाय ठेवायची मनाई त्यासाठीच आहे.

सकाळी साडेआठ-नऊला तिथे पोचा. ऊन तिरपं असताना रंग वेगवेगळे उठून दिसतात, डोक्यावर सूर्य आला की सगळं एकच तपकिरी दिसतं. अकरानंतर बसही येऊन थडकतात. त्याच आवारात वाटेवर शामारेलचा धबधबा आहे. गाडी जवळ जाते, थोड्या पायऱ्या आहेत, पण खालच्या कठड्यावरूनही पूर्ण दिसतो. सासूबाईंना तेवढं पुरे.

तिथून प्लेन शाम्पान्यच्या रस्त्याने वर जा. हा ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाचा भाग, १९९४ पासून संरक्षित. घाटमाथ्यासारखंच, आग्नेय वारा वर चढतो आणि दुपारकडे ढग उतरतात. बाराच्या आत दरीचा देखावा मिळाला तर मिळाला. स्वेटर आणि छत्री गाडीत हवीच. किनाऱ्यापेक्षा तिथे चार-पाच अंशांनी थंड असतं, वरून पाऊस. पुढे गंगा तलाव.

गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या जुन्या मुखातलं तळं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. जुनं नाव ग्राँ बासँ. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून त्यात मिसळलं तेव्हापासून हे नाव. रस्त्यालगत ३३ मीटर उंच मंगल महादेवाची मूर्ती आहे, समोर तेवढीच दुर्गा. महाशिवरात्रीला लाखो लोक रात्रंदिवस चालत कावडी घेऊन येतात, सप्टेंबरमध्ये तळं शांत असतं. तळ्याभोवती सपाट वाट आणि बसायला जागा आहे. माकडांपासून प्रसादाची पिशवी सांभाळा.

समुद्राबद्दल एकच सांगतो, पण ते पाळाच. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे, आतलं पाणी उथळ आणि शांत. जिथे नदी समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ आला की प्रवाळ वाढत नाही, म्हणून भिंतीला खिंड पडते. भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या खिंडीतून ये-जा करतं आणि ओढ जबर असते. खिंडीजवळ पोहायचं नाही. दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री ग्री इथे तर भिंतच नाही, लाटा थेट कड्यावर फुटतात. बघायला जा, पाण्यात उतरू नका. आणि उथळ पाण्यातही जाड तळाचे पाणबूट घाला. समुद्री साळ्यांचे काटे मोडून तळव्यात राहतात, आणि दगडमासा हुबेहूब दगडासारखा पडून असतो. त्याचा काटा टोचला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून तसंच दवाखाना गाठायचा. उष्णतेने त्या विषाची वेदना कमी होते.

कृष्णाकाठ:
तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. दुर्वा आणि नारळ यादीतून काढले! आता दोन प्रश्न. सासूबाईंनी बाहेर काय खावं? आणि मुलाने 'समुद्राखालचा धबधबा' कुठेतरी पाहिलाय, तो आणि ल मोर्नचा डोंगर त्याला हवाच आहे.

रांधप:
खाण्याचं माझ्याकडे. घाबरायचं कारण नाही, पण क्रिओलमधली तीन वाक्यं पाठ करा. 'मो पा मांझ लाव्यान' म्हणजे मी मांस खात नाही. 'सां प्वासों' म्हणजे मासे नको. 'सां दिझेफ' म्हणजे अंडं नको. नुसतं शाकाहारी म्हटलं तर अंडं धरून चालतात. परतलेल्या शेवया, ज्याला ते 'मिन फ्री' म्हणतात, आणि वाडगं उपडं करून वाढतात तो भात, दोन्हींत अंडं जवळजवळ ठरलेलं.

सासूबाईंसाठी खात्रीचे पदार्थ: 'गातो पिमाँ', म्हणजे आपला डाळवडा, छोट्या लिंबाएवढा, सकाळी पावात घालून खातात. 'फराता', म्हणजे पराठा. 'ब्रेद', म्हणजे पालेभाजी, आणि इथे आपलं माणूस हरखून जातं: ब्रेद सोंझ म्हणजे अळू, ब्रेद मुरुम म्हणजे शेवग्याचा पाला, ब्रेद मालबार म्हणजे माठ. पातळ आमटीसारखा करतात, कधी सुकं परतून. तेवढं सुकट घातली नाही ना हे विचारायचं. तमिळ घरांत आणि देवळांत केळीच्या पानावर सात भाज्यांचं जेवण असतं, 'सेत कारी', ते पूर्ण शाकाहारी. उन्हात आलुदा प्या, दूध, सबजा आणि चायनाग्रास. त्यावर आइस्क्रीम घालतात, ते नको असेल तर आधी सांगा.

सगळ्यात महत्त्वाची ढोल पुरी. रस्त्यावर काचेच्या पेटीतून विकतात, नेहमी जोडी, कागदात गुंडाळून. आत घेवड्याच्या मोठ्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोची 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी आणि हवी तर मिरची. मिरची आधी थोडी घ्या, जाळते. पुष्कळ जण तिला पुरणपोळी समजतात. ती पुरणपोळी नाही, बिहारची दालपुरी आहे. गोड नसते आणि पुरण शिजवून घोटलेलं नसतं, कोरडं पीठ असतं.

स्वयंपाकघर असेल तर तिथे करूनही बघा. एक वाटी चणाडाळ चार तास भिजवा. कुकर नको, उघड्या पातेल्यात अर्धा चमचा हळद घालून पंधरा-वीस मिनिटं शिजवा. दाणा बोटांत धरला की मोडला पाहिजे, चिरडला नाही पाहिजे. पाणी गाळून ठेवा, ते टाकायचं नाही. डाळ पंचावर अर्धा तास पसरा. ही पायरी टाळली तर पुढचं सगळं फसतं. मग मीठ आणि भाजलेलं जिरं घालून मिक्सरला थांबत थांबत फिरवा, भुरभुरीत रव्यासारखी व्हायला हवी. अडीच वाट्या मैदा, दोन चमचे तेल आणि ते डाळीचं कोमट पाणी लागेल तसं, साधारण वाटीभर. कणीक पुरणपोळीला लागते तशी सैल, झाकून अर्धा तास. उंडा भरून पातळ लाटा, वीतभर रुंद. मध्यम तव्यावर दोन्हीकडून तेलाचा हात, एकेका बाजूला अर्धा-पाऊण मिनिट. डाग पडू द्यायचे नाहीत. उतरवली की लगेच फडक्यात गुंडाळून एकावर एक ठेवायच्या, वाफेनेच त्या मऊ राहतात.

लाटताना फुटते तेव्हा दोष लाटण्यात नसतो. डाळ ओली राहिलेली असते, किंवा एखादा अख्खा दाणा शिल्लक असतो. पापडासारखी कडक झाली तर तवा फार तापला.

दर्यावर्दी:
समुद्राखालचा धबधबा म्हणजे दृष्टिभ्रम आहे. ल मोर्नसमोर प्रवाळाच्या खिंडीतून रेती आणि गाळ खोल कपारीत घसरतो, आणि उथळ-खोल पाण्याच्या रंगामुळे वरून बघताना पाणीच कोसळतंय असं वाटतं. वरून म्हणजे हेलिकॉप्टर किंवा समुद्री विमानातून. किनाऱ्यावरून काहीही दिसत नाही, बोटीतूनही नाही. 'बोटीने धबधबा दाखवतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

ल मोर्न मात्र जरूर करा. डोंगर ५५६ मीटर. रोजची वाट खऱ्या माथ्यापर्यंत जात नाही, अलीकडच्या क्रुसापाशी संपते. जाऊन-येऊन तीन ते चार तास. पहिला निम्मा भाग रुंद मातीचा चढ, तिथवर कुणीही जाईल, आणि समुद्राचा देखावाही तिथूनच सुंदर. दुसरा निम्मा म्हणजे हातपाय वापरून खडक चढणं. सातवीतला मुलगा डोंगर चढणारा असेल तर मोठ्या माणसाबरोबर जाईल, नाहीतर खांद्यावरच्या सपाटीवरून परत फिरा. माणशी दीड लिटर पाणी, तळाला पकड असलेले बूट, सकाळी सातच्या आत सुरुवात. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर बेत पुढे ढकला. ओल्या बसाल्टवर उतरताना पाय सुटतो, अपघात चढताना कमी आणि उतरतानाच जास्त होतात.

सासूबाई आणि नणंदेने तोपर्यंत पायथ्याशी किनाऱ्यावर गुलामांच्या मार्गाचं स्मारक बघावं. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तिथे गुलामी संपली. सुटकेची बातमी घेऊन वर येणाऱ्या शिपायांना पकडायला आलेत समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. २००८ पासून डोंगर जागतिक वारसा आहे.

तामारँच्या सकाळच्या डॉल्फिन बोटी मी सुचवणार नाही. ते डॉल्फिन रात्रभर खोल समुद्रात शिकार करून सकाळी त्या खाडीत विसाव्याला येतात, आणि नेमकं तेव्हा वीस-पंचवीस बोटी त्यांना घेरतात. त्याऐवजी माएबूरजवळच्या इल-ओ-एग्रेत बेटावर जा. २६ हेक्टरांचं प्रवाळी बेट, बोटीने थोडंसंच अंतर, मार्गदर्शकाबरोबर दीड-दोन तास सावलीतून चालणं, चढ जवळजवळ नाही. मॉरिशस कसं होतं याचा शेवटचा तुकडा म्हणजे ते आबनूसाचं किनारी रान. गुलाबी कबुतर तिथे मोकळं दिसतं. १९९० च्या सुमारास रानात अशी दहाएक कबुतरंच उरली होती, पिंजऱ्यात वाढवून परत सोडली. जागा आधी राखून ठेवावी लागते.

दप्तरखाना:
पोर्ट लुईबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

आप्रवासी घाट, म्हणजे भारतातून आलेले मजूर जिथे उतरायचे ती जागा, पहिल्या कामाच्या दिवशीच बघा, गणपतीच्या आधी. झाकरी ऐकताना त्याचा अर्थ वेगळा लागेल. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलस' जहाजातून करारबद्ध मजूर उतरले, आणि तो दिवस तिथे आजही सुट्टीचा आहे. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक भारतीय या बंदरातून आले. बहुतेक कलकत्त्याहून, मग मद्रासहून. मुंबई बंदरातून आलेले थोडे, त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. मूळ आवाराचा थोडाच भाग आता शिल्लक आहे: दगडी भिंती, इस्पितळाच्या खोल्या, स्वयंपाकाच्या जागा, आणि त्या पायऱ्या, ज्या चढून प्रत्येक माणूस आत गेला. आकाराने लहान, घाईने बघितलं तर दहा मिनिटांत होतं. तसं करू नका. शेजारच्या माहिती केंद्रात आधी तासभर द्या, मग पायऱ्यांपाशी या. रविवारी जाऊ नका.

कुणाच्या घरी 'आमचे एक चुलत पणजोबा मिर्चला गेले ते आलेच नाहीत' अशी आठवण असेल तर, मिर्च म्हणजे मॉरिशस, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, जहाजाचं नाव, वय, उंची, बापाचं नाव, जिल्हा, गाव. १८६० च्या दशकापासून पुढे छायाचित्रंही. शोधताना दोन अडचणी येतात. एक, गावांची नावं कारकुनाला ऐकू आली तशी लिहिलेली, तेव्हा मोठ्याने उच्चारून बघावी लागतात. दुसरी, आडनाव शोधून उपयोग नाही. मजुराचं स्वतःचं नावच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, तेही फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये. सावंत, कदम, शिर्के शोधाल तर हाती काही लागणार नाही. माणसाचं पहिलं नाव, बापाचं नाव आणि जाण्याचा अंदाजे काळ हवा.

भाषेबद्दल: मराठी प्राथमिक शाळेपासून ऐच्छिक विषय आहे, मोका इथल्या त्याच संस्थेत पुढचं शिक्षणही होतं. पण रोजचं बोलणं क्रिओल. वडीलधारी माणसं आणि मराठीचे शिक्षक छान बोलतात, तरुण मुलं समजतात पण उत्तर द्यायला संकोचतात. सावकाश, साधं बोला. आपण नेहमी बोलतो ती इंग्रजी मिसळलेली मराठी त्यांना उलट अवघड जाते, त्यांनी पुस्तकातली शिकलेली असते. सासूबाईंचं बोलणं सगळ्यात चांगलं कळेल.

शहरातून मेट्रोही सुटते, पोर्ट लुई ते क्युरपिप २६ किलोमीटर. शहरात गाडी लावायची जागा मिळत नाही, त्यामुळे क्वात्र बोर्नला गाडी ठेवून मेट्रोने जाणं सोयीचं.

कृष्णाकाठ:
सगळं वहीत उतरवून घेतलं. आता क्रम असा लावलाय: पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी पोर्ट लुई आणि घाट. मग चतुर्थी आणि विसर्जन असे दोन दिवस कास्कावेल-व्हाकोआ. पाचव्या दिवशी शामारेल ते गंगा तलाव, सहाव्या दिवशी सकाळी ल मोर्न. मग माएबूर, इल-ओ-एग्रेत आणि परत. पाम्प्लमूसची बाग राहतेय. बसवता येईल का? आणि विसर्जनाला सासूबाईंना किनाऱ्यावर नेणं झेपेल?

दर्यावर्दी:
क्रम बरोबर आहे. बाग पोर्ट लुईच्या दिवशी बसते, शहरापासून अकराएक किलोमीटरवर. पण मग त्या दिवशी मेट्रो नाही, गाडी ड्रायव्हरसकट घ्या. सकाळी घाट, दुपारी बाग. सपाट आहे आणि चालवत नसेल तर छोट्या विजेच्या गाड्या मिळतात. थाळीएवढ्या नव्हे, परातीपेक्षाही मोठ्या पानांची कमळं आणि तालीपाम बघा. हा ताड चाळीस-साठ वर्षांत एकदाच फुलतो आणि मग मरतो.

चौघडा:
विसर्जनाला जरूर न्या, पण गाडी किनाऱ्यापर्यंत जाईल असं धरू नका. त्या दिवशी जवळचे रस्ते बंद करतात आणि सुट्टीमुळे बसही कमी असतात. अकराच्या सुमारास पोचून सुरूच्या झाडांखाली जागा धरा. घडीची खुर्ची बरोबर ठेवा, रेतीत बसून उठणं गुडघ्यांना जड जातं. मिरवणुका दुपारी दोन-तीनपर्यंत येत राहतात, प्रत्येक मंडळी पाण्याकाठी थांबून शेवटची आरती म्हणते. आरती तीच आहे, 'सुखकर्ता दुःखहर्ता'. सासूबाईंना म्हणावं, खुर्ची पुढे घ्या आणि मोठ्याने म्हणा.